फीतमावशीची गाठ

फीतमावशी पोटापाण्याला शिवणकाम करायची. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं आणि चिंध्यांचा एवढा ढीग, की गिऱ्हाइकाने बसावं कुठे हा प्रश्नच. पण वर्षातून एकदा लांब पल्ल्याची घोडदौड आली की मशिनं बंद. दिवसभर घोडे डोंगरातून पळणार, त्यांना वाट दाखवायला जागोजागी फिती लागणार, आणि त्या बांधणार फक्त मावशी. भडक गुलाबी कापड फाडून ती फिती करायची, आदल्या दिवशी सगळी वाट पायी तुडवायची आणि झाडाझुडपांना त्या बांधून यायची. नाव पडलं ते त्यावरून.

आणि तिच्या गाठीचा तोरा काय सांगावा! वारा सुटो की वादळ येवो, मावशीने मारलेली गाठ सुटत नसे. दौड संपल्यावर फिती काढायला जाणारे गडी कात्र्या घेऊन जात आणि तिच्या नावाने बोटं मोडत. नियमही तिनेच घालून दिलेले. फीत उजव्या हाताला दिसली की वाट बरोबर. दिसेनाशी झाली की शेवटची जिथे दिसली तिथवर मागे फिरायचं. ओढा ओलांडायचा असेल तर पलीकडच्या काठावर फितींचा मोठा गुच्छ असे. त्यावर नजर ठेवून घोडा सरळ पाण्यात घालायचा.

तिची एकुलती लेक या दौडीत घोडी पळवायची. घोडी मामाची, नाव काजळी. गेल्या वर्षी लेक पहिली येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, पण एका वळणावर तिला फीत चुकीची वाटली आणि ती रुंद रस्त्याने गेली. हातची दौड गेली. मावशीने तिला चारचौघांत झाडलं. "फीत दिसली की आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं मी आधीच चालवलेलं असतं." पोरगी खाली मान घालून घोडीचे पाय धूत राहिली. मावशीची जीभ म्हणजे तिची कात्रीच, एकदा चालली की कापड संपल्याशिवाय थांबत नसे.

या वर्षी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मावशी शेवटच्या थांब्यावर पाण्याच्या बादल्या आणि टॉवेल घेऊन बसली होती. इथे घोड्यांचा डॉक्टर प्रत्येक घोड्याची नाडी बघायचा. पळून वाढलेले ठोके वेळेत कमी झाले तरच पुढे जायची परवानगी. दुपार कलली आणि डोंगरमाथ्यावर एकदम काळोख दाटला. आधी वारा आला, मग बोराएवढ्या गारा, आणि मग पावसाने असा काही हात सैल सोडला की समोरचा तंबू दिसेना. दोन खांब उखडले. बादल्या गडगडत उतारावरून गेल्या.

मावशीने बादल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, ती उताराकडे पाहत होती. थांब्याच्या अलीकडे, उताराच्या पायथ्याशी ओढा होता. काल तिने तो ओलांडला तेव्हा घोटाभर पाणी होतं, चपलासुद्धा हातात घ्याव्या लागल्या नव्हत्या. आणि थांब्याच्या बाजूच्या काठावर, बाभळीच्या फांदीला, तिने स्वतःच्या हाताने गुच्छ बांधला होता.

दौड थांबवल्याचा निरोप मामाने फोनवर दिला. मागच्या थांब्यावर सगळे घोडे अडवले आहेत, म्हणाला. सगळे म्हणजे एक सोडून. काजळी सर्वांच्या पुढे होती, ती पाऊस सुरू व्हायच्या आधीच तिथून सुटली होती. मामा जीप घेऊन तिच्या मागे निघणार होता, पण बोलता बोलता फोन गेला तो गेलाच.

डॉक्टरने मावशीला समजावून पाहिलं. पोरगी शहाणी आहे, पाणी बघून थांबेल, उगाच घसरून पडाल. मावशी म्हणाली, "तुम्हाला नाही माहीत डॉक्टर. गुच्छ दिसला की ती थांबणार नाही. मीच तिला तसं शिकवलंय." आणि डोक्यावर पोतं घेऊन ती उतरायला लागली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या उतारावर मावशीच्या मनाने जे जे चिंतलं ते इथे लिहिणार नाही. दोनदा ती घसरून बसली, एक चप्पल चिखलात राहिली. काजळीला काही झालं तर भावाला काय सांगू, एवढाही विचार तिला सुचला नाही. लेक, फक्त लेक.

ओढा कुठला, नदीच झाली होती ती. तांबडं पाणी दगडांवर आपटत होतं आणि अख्खी झाडं उलटीपालटी होत वाहत होती. मावशी बाभळीपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात समोरच्या काठावर झुडपं हलली आणि काजळीचे कान दिसले. वर लेक, भिजून चिंब.

मावशीने दोन्ही हात उंच केले आणि जीव खाऊन हलवले. मागे जा, मागे जा, असं ती ओरडत होती. पण पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. लेकीने तिला पाहिलं. लांबूनही कळलं, तिचा चेहरा उजळला. तिने हात हलवला आणि घोडी पाण्यात घातली.

तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला. दर वर्षी शेवटच्या थांब्यावर उभं राहून ती असेच दोन्ही हात हलवायची. ये, लवकर ये, म्हणून.

पाणी काजळीच्या छातीला लागलं. घोडी कलली. मावशी वळली आणि बाभळीवर तुटून पडली. गुच्छ काढायचा, एवढंच तिला कळत होतं. पण गाठ तिचीच होती आणि वर भिजून फुगलेली. नखं गेली, दात लावले, काटे गालात घुसले, गाठ ढिम्म हलेना. पाठ ओढ्याकडे होती. पाठीमागे घोडी खिंकाळल्यासारखं वाटलं आणि मग नुसतं पाणी. वळून बघायची तिची छाती झाली नाही. बघण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात काही झालं तर? शेवटी तिने सगळं अंग फांदीवर टाकलं. फांदी कडकन मोडली. गुच्छ पोटाखाली घेऊन ती चिखलात पालथी पडून राहिली.

मान वर केली तेव्हा पाण्यात कुणी नव्हतं. मग बऱ्याच खाली, पलीकडच्याच काठावर, काजळी गुडघ्यांवर धडपडत वर चढताना दिसली. लेक तिच्या मानेला घट्ट चिकटून होती. काठावर पोचून तिने एकदा मागे पाहिलं आणि घोडी आल्या वाटेला वळवली.

दिवस मावळायच्या आत मामाने जीपमधून, लांबच्या पुलावरून, तिला थांब्यावर आणलं. काजळी मागच्या थांब्यावर होती. पाय खरचटले होते, नाडी ठीक होती. मावशीने लेकीला टॉवेलात गुंडाळलं आणि इतका वेळ कोंडलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. एवढं पाणी दिसत नव्हतं का, डोळे फुटले होते का, फितीवर एवढी कसली भक्ती?

लेक दमली होती. चिडलीसुद्धा नाही.

"फितीसाठी कोण उतरतंय आई? पाणी बघूनच मी लगाम खेचला होता. मागे फिरणारच होते. पण तू पलीकडे उभी होतीस, हात करत होतीस. म्हटलं, आई बोलावतेय म्हणजे पाय टेकत असतील." थोडं थांबून ती म्हणाली, "मग गुच्छ दिसेना, तूही दिसेनास. तेव्हा वळले."

डॉक्टरने मान खाली घातली आणि उगाच आपली बॅग आवरायला घेतली. मावशी लेकीचे केस पुसत राहिली, ते कोरडे झाले तरी पुसत राहिली, शेवटी टॉवेल मामाने घेतला.