मिशीवाल्या नायिकेची उडी

मराठी सिनेमात आजवर विहिरीत उडी मारलेल्या नायिकांपैकी एक लालबागला, आमच्या समोरच्याच खोलीत राहते. तिला भरघोस मिशा आहेत.

समोरचे काका तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि गिरणीच्या नाटकांत स्त्रीपार्ट करायचे. आज अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही ते बसताना लुंगी नऊवारीसारखी सावरतात. चाळीत कुठे नवरीचा काष्टा बिघडला की काका दाराबाहेर उभे राहून सूचना देतात, "निरी डावीकडं घे गो! डावीकडं!" त्यांची आणखी एक खोड आहे. कुठेही आत शिरण्याआधी ते डाव्या पायाचा तळवा उजव्या पोटरीला पुसतात. तालमी साचेखात्यात व्हायच्या, तळव्याला कापूस चिकटायचा आणि पाय घसरायचा. "एन्ट्रीला पाय साफ हवा," हे त्यांचं तत्त्व बँकेत, देवळात आणि दातांच्या डॉक्टरकडेही पाळलं जातं. काकू करवादतात, "मग दारात पायपुसणां कशाक घातलंय मी?"

त्यांची सिनेमातली कारकीर्द एका दुपारची. ते गावकऱ्यांच्या गर्दीत उभे होते. नायिका विहिरीत उडी मारायला तयार होईना. दिग्दर्शकाने काकांना हेरलं, मिशी काढायला लावली, लुगडं नेसवलं. उडी कॅमेऱ्याला पाठमोरी होती. महिन्याभराने काकांचं लग्न झालं. तेव्हापासून काका ही हकिकत सांगतात आणि काकू ऐकवतात, "तोंड दिसला काय? नाय ना? मग गप रवा." जगाने मानलं नाही तरी चालेल, हिने एकदा मानावं, एवढंच काकांचं म्हणणं.

गेल्या वर्षी सत्यनारायणाला पोरांनी तो सिनेमा नेटवर शोधून अंगणात पडद्यावर लावला. काकू पुढच्या खुर्चीत. काका खाली आलेच नाहीत. वर गॅलरीत कठडा धरून उभे राहिले. नायिका रडत विहिरीकडे धावली. दृश्य बदललं, पाठ दिसली. "काका, ही तुमच्यापेक्षा बारीक आहे हां!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. नायिका काठावर पोचली, थबकली, आणि जीव द्यायच्या आधी तिने डावा तळवा उजव्या पोटरीला नीट पुसला.

काकू ताडकन उठल्या. "ह्यो पाय आमच्याच घरातलो!"

टाळ्या, शिट्ट्या झाल्या. मी वर गेलो तेव्हा काकू माझ्याआधी पोचल्या होत्या. काका अजून कठडा धरूनच होते.

"लागला काय हो तेव्हा?" काकूंनी विचारलं.

"गुडघ्याक. थोडासाच."

"लग्नात तुमी लंगडत होतास, तां हेच्यामुळे?"

काकांनी मान हलवली. मग पाय पुसून ते खोलीत गेले. काकूंनी दारातलं पायपुसणं पायाने बाजूला सारलं.