स्वयंपाकघरातून आलेला प्रश्न

तुकईथडचे देवराम पाटील घरात बोलत नसत. भांडण नव्हतं की राग नव्हता. गरजच वाटायची नाही. चहा हवा असला की खाकरायचे. त्या खाकरण्यातले सगळे प्रकार बायकोला, मालूबाईंना, पाठ झाले होते.

गेल्या वर्षी केळीवर करपा आला. सून रंजितानं सासऱ्यांना बागेत उभं केलं आणि मोबाइल धरला. "बाबा, खराब पान कसं कापायचं ते सांगा ना."

देवराम पाटील बोलू लागले ते थांबेचनात. करप्यावरून ठिबकवर, ठिबकवरून तापीच्या पुरावर आणि तिथून स्वतःच्या वरातीत बैल कसे उधळले त्यावर. व्हिडिओ रावेरपासून खंडव्यापर्यंत फिरला. मग ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसून लाइव्ह येऊ लागले.

तेव्हापासून घरच्या बातम्या मालूबाईंना बाहेरून कळायला लागल्या. एकदा बहिणीचा, कमलाबाईचा, शहरातल्या बुधवारा भागातून फोन आला.

"काय गं, यंदा खालच्या वावरात कपाशी लावताय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"तुझाच नवरा! लाइव्हवर नेपानगरच्या एका माणसाला सांगत होता. आणि तुझ्या भरताची काय तारीफ केली! म्हणे, असं भरीत पूर्ण जिल्ह्यात नाही."

मालूबाई तवा उतरवून तशाच बसल्या. आजवर भरतावर 'मीठ कमी' याखेरीज शब्द ऐकला नव्हता. आनंद झाला, पण राग त्याहून मोठा होता. साऱ्या जगाला सांगितलं, मला नाही?

त्यांनी रंजिताकडून आपल्या फोनवर खातं उघडून घेतलं. लिहिता येत नव्हतं, पण फोनपुढे बोललं की अक्षरं उमटतात, हे त्या शिकल्या.

संध्याकाळी देवराम पाटील रंगात आले होते. "मालूबाई म्हणून एक ताई विचारतायत..." बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती, नाव डोक्यात शिरलंच नाही. "भरीत आवडतं, तर घरी का सांगत नाही? वा, ताई! प्रश्न चांगला आहे. आपण कुठून बोलता?"

उत्तर आलं. त्यांनी तेही मोठ्यानं वाचलं, "स्वयंपाकघरातून."

आत भांडं आपटलं. पाटलांनी घाबरून फोन पालथा घातला, पण तो चालूच राहिला. मालूबाई ओट्यावर आल्या.

"कपाशीचं मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

"त्या नेपानगरच्या माणसानं विचारलं होतं?"

"हो."

लोक काळा पडदा बघत सगळं ऐकत होते. एकानं लिहिलं, 'भाभीजी सही बोल रही है.'

आता लाइव्हच्या आधी देवराम पाटील चुलीजवळ बसून, आज काय बोलणार ते सगळं मालूबाईंना सांगतात. त्या भाकरी थापता थापता कात्री लावतात. "फवारणीचं सांगा. तुमच्या मामाच्या जमिनीचं नको, ते घरचं आहे." कधी एवढं कापलं जातं, की लाइव्ह लगेच संपतं. लोक तक्रार करतात.

"काय करणार," पाटील म्हणतात, "आज आतूनच माल कमी आला."