चिंतूच्या बोटांची काजळी

मुरबे गावात चिंतूचं घर आमच्या घराला लागून. मधे कुडाची भिंत, म्हणजे भिंत नाहीच. शहात्तर-सत्त्याहत्तर सालची गोष्ट. दुपारी मी अंगणात बोंबील वाळत घालत होते, तर पलीकडून त्याच्या बायकोचा, हंसाचा आवाज आला.

"हे बोटांना काजळ कोनाचं?"

"मशीनचं गो."

"मशीन काजळ घालते? मग टिकली पन लावीत असंल."

मला हसू आलं, पण बोंबील खाली ठेवून पुढचं नीट ऐकलंही.

कोळ्याच्या पोटी जन्मून चिंतूला होडीत वांती व्हायची. म्हणून त्याने टेकडीवरच्या सरकारी खोलीत नोकरी धरली. तिथे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र होतं. रॉकेलच्या दिव्यावर कागद धरून काळा करायचा नि यंत्राच्या गोल डब्याला गुंडाळायचा. डबा फिरे, सुई काजळीत पांढरी रेघ ओढी. जमीन हलली की रेघ थरथरे. घरात रेड्यासारखा पाय आपटणारा हा गडी तिथे चवड्यांवर चाले. हे कळल्यावर तर हंसा जास्तच पेटली.

तो समजावी की भाकरीचा पापुद्रा सुटतो नि खाली आग असते, तशी ही धरती. वरचं कवच तुकड्यातुकड्यांचं, नख वाढावं तितकं हळू सरकतं. कुठे अडून राहतं, मग एकदम सुटतं, तोच धक्का.

"ती नखाएवढी सरकली तर तुमी धावता," हंसा म्हणाली. "मी तापानं फणफणले तवा कुटं व्हता?"

तिने वैतरण्याला माहेरी जायचं गाठोडं बांधलं. मला म्हणाली, सवत डोळ्यांनी बघते नि मग जाते.

गेली ती थेट खोलीत घुसली. धाडधाड पाय आपटत कोपरे बघितले, यंत्रामागे वाकून बघितलं. बाई कुठेच नव्हती. सुई मात्र बेडकासारखी उडत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबाने कागद बघून विचारलं, हा धक्का कुठला? चिंतूने हात जोडले. "सायेब, घरचा हाय."

गाठोडं सुटलं, संशय नाही सुटला. त्या दिवसापासून हंसा रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर टेकडी चढायची नि दाराबाहेर बसायची. मी म्हटलं, आत बाई नाही हे बघितलंस ना? तर म्हणते, "धरती काय बाप्या हाय?"

चौऱ्याऐंशी साली एका सकाळी चिंतू उठलाच नाही. झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी दोघं टेकडीवर गेली होती. त्याने कागद बदलला, हात धुतले. हंसाने आत डोकावून बघितलं, कोणी नव्हतं. त्याने कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं, नि दोघं खाली उतरली.