खोऱ्यातलं रेशन, भाट्यातली पंगत

"दोनय बाजू सारख्या कर, मग निघ." शेजारचे आबा हे कुणालाही ऐकवायचे. सायकलला नारळ लटकवून निघालेल्याला, स्कूटरवर बायकोला एका अंगाने बसवणाऱ्या नवऱ्यालासुद्धा. नुसतं सांगून थांबायचे नाहीत, ओझं हलवून बघायचे. बायकोला नव्हे, एवढंच. तुमच्या आळीतही असं कुणीतरी असेल.

ही सवय महायुद्धातली. तरुणपणी आबा फौजेत गेले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात दोन्ही अंगांना सारखं ओझं लादलेली खेचरं हाकायला लागले. जन्म मिरकरवाड्यातला, होडीत वाढलेले. खेचर त्याआधी पाहिलंही नव्हतं. तिथल्या एका खोऱ्यासाठी दोन्ही फौजा झगडत होत्या, कारण पुढच्या पलटणीला रेशन नेणारी एकच वाट त्यातून जायची. वर डोंगरात जपानी बसलेले.

एकदा पावसात नदी फुगली आणि पुढची खेचरी पाण्यात पाय घालेना. पलीकडे जखमी माणसं उपाशी होती. "मग काय केलंत?" गोष्ट पाठ असूनही आम्ही विचारायचो.

"काय करणार? खाडीत पोहायला शिकलेलो. तिच्या मानेला धरला नि उतरलो. कानात हळूच गाणा म्हणत गेलो. वरून गोळी आली, तरी थांबवला नाय. थांबलो असतो तर ती मागे फिरली असती."

तिच्यामागून बाकीची खेचरं आली. पलीकडे भात शिजला. एक पंजाबी शिपाई खाताना रडायला लागला. "मला वाटला, मीठ जास्त पडला," आबा सांगायचे आणि हसता हसता डोळे पुसायचे.

माझ्या बहिणीच्या लग्नात खाडीवरच्या भाट्याच्या पुलावर ट्रक आडवा झाला. मांडव पलीकडे भाट्यात, जेवण शहराच्या बाजूला अडकलेलं. वऱ्हाड येऊन बसलेलं. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं.

आबा खुर्चीतून उठले. "बसलाय काय? खाडी आहे, होडी आहे." पुतण्याला होडी काढायला लावून स्वतःही गेले. पातेली, पराती एकेक हलवून रचून घेतल्या. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा बँडवाल्यांनी आपणहून वाजवायला सुरुवात केली. वडील आबांच्या पायांशी वाकले.

"पाया नंतर पडा. भात निवतोय."

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घराला कुलूप असतं, मुलगा मुंबईला. पण मला ते त्या पंगतीतले दिसतात: धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, वरपक्षाने बांधलेला फेटा एका डोळ्यावर आलेला. वाढपी जिलबी घेऊन समोर उभा आहे. आबा पानावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणतायत, आणि बोटं मात्र हळूहळू फाकतायत.