पेन्शनच्या खात्यावर जप्ती

यांची पेन्शन काढायला गेले, तर एटीएममधून पैसे येईनात. आवडी या उपनगरातल्या आमच्या बँकेत आत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आयकर विभागाने खातं गोठवलंय, अम्मा. जुनी थकबाकी आहे."

यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात गेली. कर पगारातूनच कापला जायचा. मग थकबाकी कसली? ज्यांना विचारायचं ते घरी अंथरुणावर होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "हो". पाणी हवं का, हो. नको का, तरी हो.

शेजारणीने अण्णा नगरमधल्या एका सीए बाईंचा पत्ता दिला. बाईंनी माझं मोडकंतोडकं तमिळ शांतपणे ऐकून घेतलं. यांच्या फोनवर आलेला ओटीपी मी वाचून दाखवला, तशा त्या बराच वेळ संगणकात पाहत राहिल्या.

"नोकरीत असताना तुम्ही घरभाडं भरत होता?"

"नाही. क्वार्टर्समध्येच राहायचो."

"एखाद्या राजकीय पक्षाला देणगी दिली होती?"

मला हसू आलं. देवळाच्या पेटीत दहाची नोट टाकतानासुद्धा हे दोनदा विचार करायचे.

बाई हसल्या नाहीत. "कर कमी व्हावा म्हणून रिटर्नमध्ये दोन्ही दाखवलंय. रिफंडही घेतलाय."

मग मला कारखान्याच्या फाटकासमोरचा एजंट आठवला. यांच्या विभागातल्या अर्ध्या लोकांचे रिटर्न तोच भरायचा आणि रिफंडातून आपला हिस्सा कापून घ्यायचा. नोटिसांसाठी त्याने स्वतःचाच ईमेल देऊन ठेवला होता. त्या त्याच्याकडे जात राहिल्या, कुणी उत्तर दिलं नाही आणि शेवटी वसुलीचा आदेश निघाला. त्याचा फोन आता बंद होता. दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जवाला बसत होता.

"सरांना हे ठाऊक होतं का?" बाईंनी विचारलं. "फसवलं गेलं असेल तर तसं लिहू. कर सुटणार नाही, निदान दंड माफ व्हावा, असं तरी मांडता येईल."

संध्याकाळी यांना उशीला टेकवून बसवलं. पेजेचे दोन घास दिले आणि विचारलं, "त्या एजंटाने खोटं लिहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"की त्याने तुम्हाला फसवलं?"

"हो."

उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तो डोळा झटका आल्यापासून पाझरतोच, त्यामुळे त्यावरूनही काही ठरवता येईना. मी त्यांचं तोंड पुसलं आणि पुढचा घास भरवला. इतकी वर्षं एका घरात काढलेल्या माणसाबद्दल एवढी एक गोष्ट मला सांगता येऊ नये, हे मला त्या थकबाकीपेक्षा जास्त लागलं.

बाईंना जाऊन सांगितलं, "मला माहीत नाही."

"मग तेवढंच लिहू," त्या म्हणाल्या.

उपचारांसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून काही रक्कम भरली, तेव्हा खातं मोकळं झालं. उरलेल्याचे हप्ते बाईंनी बांधून घेतले. स्वतःची फी मात्र निम्मीच घेतली. अपिलाची मुदत केव्हाच टळली होती. उशीर माफ व्हावा म्हणून त्यांनी इस्पितळाचे कागद जोडून अर्ज केला. तो फेटाळला गेला. मुदत संपली त्या वेळी हे धडधाकट होते, असं कारण दिलं होतं, आणि ते खरंच होतं.

"आता पुढे काय?" मी फोनवर विचारलं.

"हप्ते चुकवू नका, अम्मा. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही."

फिजिओथेरपीवाल्या बाईंना मी येऊ नका म्हणून कळवलं. त्यांनी दाखवलेले व्यायाम आता मीच करून घेते. सकाळी कोमट तेल लावून यांच्या हाताची बोटं एकेक करून उघडते. हात सोडला की ती परत मिटतात, आणि अलीकडे पहिल्यापेक्षा घट्ट मिटतात.