बेलापूरची अनामत

लग्नानंतरचं आमचं पहिलं बिऱ्हाड बेलापूरला होतं. घरमालकीण एकट्याच राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो आणि माझी मुलगी त्यांच्याच अंगणात रांगायची थांबून चालायला लागली. बहात्तरच्या सुमारास यांना कोपरगावकडच्या साखर कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आम्ही खोल्या सोडल्या. अनामतीचे शंभर रुपये मावशींकडे होते. "पुढल्या बाजाराला या, देते," त्या म्हणाल्या.

आम्ही पोरीला घेऊन एसटीने गेलो. मावशींनी भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करून ठेवली होती. पैशांचा विषय काढल्यावर म्हणाल्या, "आज न्हाई जमलं. पुढल्या बाजाराला या." पुढच्या खेपेलाही तेच. परतताना हे वैतागले. "निम्मे पैसे तिकिटातच जायचे," म्हणाले.

तिसऱ्या खेपेला यांनी जरा कडक आवाजातच पैसे मागितले. मावशी उठल्या, पत्र्याच्या पेटीतून एक पुरचुंडी काढली आणि यांच्या हातात दिली. आम्ही दिलेल्या नोटा तशाच घडीत होत्या.

"मग आधी का नाही दिलेत?" मी विचारलं.

"दिल्यावर तुमी कशाला येताय इकडं?" पोरीच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या.

यांनी पुरचुंडी खिशात ठेवली. मग म्हणाले, "मावशी, तुम्हीच चला की आमच्याकडे."

"शेरडं कोन बघंल?" असं म्हणतच त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेळ्या तिच्यावर सोपवून मावशी आमच्याबरोबर आल्या आणि दिवाळी करूनच परत गेल्या.