साखरेच्या डब्याची किल्ली

वहिनी गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. मी ठाण्याच्या घरी पोळ्या लाटत होते, तशीच पिठाच्या हातांनी धावले. पलीकडून दादा एवढंच म्हणाला, "ती गेली गं," आणि त्याने फोन ठेवला. आधी पायाची जखम, मग मूत्रपिंडं... वर्षभर एकेक हातचं सुटत चाललं होतं, तेव्हा धक्का बसला असं म्हणणार नाही. राग मात्र आला. तो अजून गेलेला नाही.

दादा माझा थोरला भाऊ, डोंबिवलीच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. शरीर तालमीत कमावलेलं. पन्नाशीनंतरही पहाटे जोर-बैठका चालूच. वहिनी म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी. घरात दोघंच, आणि दोघांचाही मधुमेह एकाच महिन्यात निघाला. दादाने जाहीर केलं, "एका घरात दोन न्याय नाहीत." गोळी तीच, भाकरी तराजूत तोलून सारखी, संध्याकाळी फिरायला बरोबर. आमच्या नातेवाइकांत त्याचं केवढं कौतुक! बायकोला असं बरोबरीने वागवणारा नवरा कुठे बघायला मिळतो? दादाची साखर उतरली. वहिनीची चढतीच राहिली. आता शास्त्राचा मास्तर तो. त्याने निष्कर्ष काढला. सगळं सारखं असून हिचीच साखर चढते, म्हणजे ही चोरून खाते.

साखरेच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली दादाच्या जानव्याला गेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना चहा करायचा तरी वहिनीने बाहेरच्या खोलीत जाऊन किल्ली मागायची, सगळ्यांदेखत. दादा उठून आत यायचा, साखर काढून द्यायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. आमच्याकडच्या बायका पदराआड हसायच्या. जिभेवर ताबा नको का, म्हणायच्या. वहिनीने मुकाट्याने सोसलं असं कुणी समजू नये. एका संक्रांतीला तिने तिळगुळाचं ताट दादापुढे आदळलं. "देवावर हात ठेवून सांगते, साखरेचा कण तोंडात घातलेला नाही!"

"मग रिपोर्ट खोटं बोलतो का?" दादा शांतपणे म्हणाला.

तिने कारल्याचा रस प्यायला, जांभळाच्या बियांची पूड खाल्ली, शेवटी अर्धपोटी राहू लागली. हातापायांच्या काड्या झाल्या. साखर काही हटेना, आणि आळही.

पायाची जखम चिघळली तेव्हा मी हट्टाने तिला ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दादाही आला. भाकरीच्या तराजूची हकिगत त्यानेच मोठ्या अभिमानाने सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो सर, जेवणातली साखर बरीचशी स्नायूंत खपते. तुमच्या अंगावर ते भरपूर आहेत. यांचे मुळात कमी, त्यात उपाशी राहून झिजवलेत. आणि चालण्याचं म्हणाल, तर बाईचं शरीर चालताना पुरुषापेक्षा चरबी जास्त जाळतं, साखर कमी. तुमच्या मापाची भाकरी आणि तुमची गोळी यांना कशी लागू पडेल? चोरून खाण्याचं काय घेऊन बसलात?"

वहिनी रडली नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ऐकलंत ना, वन्सं?"

इन्शुलिन सुरू झालं, पण फार उशीर झाला होता. दादाने तिचं सगळं केलं, ते नाकारून चालणार नाही. इंजेक्शनं दिली, जखम धुतली, पाय मांडीवर घेऊन बसायचा. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द मात्र त्या तोंडातून निघाले नाहीत. शेवटच्या भेटीत, इस्पितळात, वहिनीने मला हळूच विचारलं, "त्यांनी कुलूप काढलं का हो?" मी म्हटलं, काढलं असेल. तिने मान फिरवली. ते घर तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं...

परवा डोंबिवलीला गेले होते. दादाने स्वतः चहा ठेवला. खांदे उतरले आहेत त्याचे. फळीवरून डबा काढला, बनियनमधून जानवं ओढलं, किल्लीने कुलूप उघडलं आणि माझ्यापुरती साखर घातली. मग झाकण दाबून पुन्हा कुलूप लावलं.

"आता कुणासाठी रे, दादा?" माझ्या तोंडून गेलंच.

तो कुलपावर अंगठा फिरवत राहिला. चहा उतू गेला.

"सवयीने हात गेला गं," म्हणाला, आणि किल्ली परत बनियनमध्ये टाकली.